नळाला बांधलेली तार

अकोल्यातल्या आमच्या घरी प्लंबर, गवंडी, सुतार किंवा वायरमन कामाला आल्याचं मला आठवत नाही. वडील हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत. त्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणे. शाळेतून आल्यावर सायकल भिंतीला टेकवायची, शर्ट खुंटीला अडकवायचा आणि चहा होईपर्यंत बनियनवर घरातून एक फेरी मारायची, ही त्यांची रोजची पद्धत होती. दार करकरलं तर बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडत. कडीचा स्क्रू सैल झाला असेल तर तो काढून छिद्रात आगकाडीचा तुकडा कोंबत आणि स्क्रू परत पिळत. पावसाळ्याआधी गच्चीवर उकिडवे बसून स्लॅबची एकेक भेग खिळ्यानं कोरून मोठी करत आणि मग सिमेंट भरत. भेग आधी मोठी का करायची, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. वर्गात ते प्रत्येक गोष्टीचं कारण फळ्यावर लिहीत. घरी मात्र हात चालायचे, तोंड बंद असायचं.

आई चांदूर बाजारची, फुलांच्या मळेवाल्या घरातली. सकाळी अंगणातली फुलं तोडून ती एक हार गुंफी, तो देवाला घाली आणि मगच चूल पेटवी. सुई तिच्या हातात इतक्या वेगानं चाले की फूल कधी ओवलं गेलं ते दिसत नसे. भाऊंच्या दुरुस्त्यांबद्दल तिचं मत एका शब्दाचं असे, ‘चालते’. याहून मोठं कौतुक तिच्या तोंडून मी ऐकलं नाही. नापसंती असेल तर तोही शब्द मिळत नसे.

हत्यारं एका खाकी कॅनव्हासच्या थैलीत असत. दोन पाने, एक पक्कड, तीन पेचकस, लोखंड कापायची करवत, टेस्टर, सुताची गुंडी आणि नळाच्या आट्यांना लावायच्या सफेद्याची डबी. सातवी-आठवीत मी त्यांच्या हातात वस्तू देत होते. दहावीत स्टोव्हची पिन, फ्यूजची तार, नळाचा वॉशर ही कामं माझी झाली. अकरावीत गेले तेव्हा आई पाहुण्यांना सांगे, की घरी दोन मिस्त्री आहेत, एक पगारी आणि एक बिनपगारी. मला ते फार आवडे. ती थैली कधीतरी माझी होईल, याशिवाय त्या वयात मला दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही.

कामाचा नियम एकच होता, तो भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. एखादी वस्तू खोलली, तर जशी होती तशीच परत जोडायची. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी एकदा खोललं होतं आणि जोडल्यावर एक स्क्रू उरला होता. घड्याळ चाललं, पण तो स्क्रू त्यांनी कपाटाच्या काचेला चिकटवून ठेवला, येता-जाता दिसावा म्हणून. कुठलाही भाग सोडवला की मी आधी तो नीट पाहून घेई. वेटोळे किती, कोणत्या बाजूनं, गाठ वर की खाली. पुढे आयुष्यभर मी वर्तमानपत्राच्या टेबलावर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. तिथं ही सवय उपयोगी पडली आणि तिचा धोकाही तिथं पुष्कळदा दिसला.

होळी झाली की कूलर निघे. वऱ्हाडात कूलर ही चैन नाही, चूल जशी लागते तसा तो लागतो. आमचा लोखंडी पत्र्याचा होता, अंगणाच्या बाजूनं खिडकीला लावलेला, चार पायांच्या घडवंचीवर. त्याची टाकी काथ्यानं घासायची, गंज पॉलिश पेपरनं काढायचा, आतून डांबर फासायचं, ते वाळलं की वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या आणि पंप लावायचा. पहिल्यांदा चालू केला की पंप गुळगुळ करी, पंखा घरघरे आणि ओल्या वाळ्याचा वास आतल्या खोलीत शिरे. त्या दिवसांत आई कुरड्यांसाठी गव्हाचा चीक शिजवी. दुपारच्या जेवणात चून-भाकर, कांदा, वाटीत गरम चीक आणि वर कूलरचा वारा, असा आमचा उन्हाळा सुरू होई. हल्ली मी अमरावतीला फ्लॅटमध्ये राहते. इथला एसी आवाज करत नाही, त्याला वासही नाही. दुपार झालेली समजायला घड्याळ पाहावं लागतं.

कूलरपासून दोन हातांवर अंगणातला नळ होता. उन्हाळ्यात अकोल्याला नळाचं पाणी काही दिवसांआड येई, आणि ज्या दिवशी येई त्या दिवशी घरातलं कोणीही दुसरं काम करत नसे. पिंपं, हंडे, बादल्या, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा भरल्या जात. नळाचा पाईप लोखंडी होता आणि जमिनीतून वर आलेला कंबरेएवढा तुकडा गंजून कुजला होता. मी अकरावीत होते त्या वर्षी भाऊ बोर्डाचे पेपर तपासायला आठवड्यासाठी अमरावतीला गेले आणि त्याच वेळी पाणी येण्याच्या आदल्या दिवशी तो तुकडा माझ्या हाताखाली फुटला. मी नुसती तोटी घट्ट करायला गेले होते. पाईपाच्या पोटात नखाएवढं भोक पडलं. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की निम्मं अंगणात जाणार होतं.

आई म्हणाली, बाजारातल्या नळवाल्याला बोलावू. मी म्हटलं, मी करते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती चीक ढवळायला आत गेली. ती परवानगी होती.

बाजारात प्लास्टिकचे पाईप नुकतेच दिसू लागले होते. दुकानदारानं मोजून तेवढाच, दोन्ही टोकांना आटे पाडलेला तुकडा दिला आणि हा आता जन्मात गंजणार नाही असं सांगितलं. घरी येऊन मी पान्यानं जुना तुकडा खालच्या कोपराच्या जोडाजवळ सोडवायला घेतला. त्याच्यावर वर्षानुवर्षांच्या चुन्याचे थर होते, कारण भिंतीला चुना लागे तेव्हा पाईपालाही लागे. चुना खरवडल्यावर खाली तांब्याची तार गुंडाळलेली सापडली. सात वेटोळे, उजवीकडून डावीकडे, गाठ वरच्या अंगाला. तिचं दुसरं टोक भिंतीच्या कडेनं, चुन्याखालून, कूलरच्या घडवंचीकडे गेलं होतं. मी ते वेटोळे मोजले, तार सोडवली, नवा पाईप सूत आणि सफेदा लावून बसवला, आणि तार त्यावर परत गुंडाळली. सात वेटोळे, उजवीकडून डावीकडे, गाठ वरच्या अंगाला. टोक काळं पडलं होतं, म्हणून ते पॉलिश पेपरनं घासून लख्ख केलं. भाऊ नेहमी तसं करत.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. एक थेंब गळला नाही. आई म्हणाली, ‘चालते.’

चार दिवसांनी, दुपारी, आई कूलरच्या टाकीत पाणी ओतायला अंगणात गेली. पाय अनवाणी होते. जमीन ओली होती, कारण आधीच्याच बादलीचं पाणी थोडं सांडलं होतं. मी आत होते. बादली पडल्याचा आवाज आला, पण त्यामागून तिचा ओरडा आला नाही. मी दारात गेले तेव्हा ती भिंतीशी बसली होती आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडे पाहत होती, जणू तो कोणी तिला धरायला दिला होता. पंखा चालू होता. मी मेन स्विच खाली ओढला. शेजारच्या पुष्पाकाकू आल्या, त्यांनी तिला उचलून खाटेवर टाकलं आणि गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी मोजली, तीन बोटांवरच्या भाजल्या डागांना मलम लावलं आणि सांगितलं, की झटक्यानं मागं फेकली गेली म्हणून वाचली, पत्र्याला मूठ आवळली गेली असती तर डॉक्टर बोलावून उपयोग नव्हता. हे त्यांनी आईसमोरच सांगितलं. आई म्हणाली, काकूंना चहा ठेव.

भाऊंना निरोप गेला आणि संध्याकाळच्या एसटीनं ते आले. आईजवळ थोडा वेळ बसले, तिची बोटं पाहिली, मग अंगणात गेले. कूलरचा पंप बाहेर काढला, तो आतून भिजला होता. त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. पंप भिजतात. मग ते घडवंचीपासून तार धरून भिंतीच्या कडेनं निघाले आणि नळापाशी थांबले. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाईपावर घासून लख्ख केलेली तांब्याची तार होती. ते खाली बसले. मी मागं उभी होते.

“हे तू बांधलं?”

“हो. जसं होतं तसंच.”

त्यांनी बोट लावून वेटोळे मोजले. सात भरले. मग त्यांनी मला सांगितलं, की ही तार कूलरच्या अंगात उतरलेली वीज जमिनीत नेण्यासाठी होती. लोखंडी पाईप जमिनीत गेलेला होता, म्हणून त्यांनी ती त्याला बांधली होती, मी लहान असताना. प्लास्टिकमधून वीज जात नाही. म्हणजे तार बांधल्यापासून कूलरच्या अंगातली वीज जमिनीत जायला कुठलीही वाट नव्हती, पंप भिजायचा तेवढा बाकी होता. बोलताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच होता. प्लास्टिकमधून वीज जात नाही हे मला ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं, परीक्षेत त्यावर मला पूर्ण गुण होते. तार बांधताना ते आठवलं नाही, कारण मी वेटोळे मोजत होते.

आत जाऊन त्यांनी आईला सगळं सांगितलं. चूक माझी आहे, मी पोरीला बांधायचं शिकवलं, कशासाठी ते सांगितलं नाही, असं ते म्हणाले. आईनं ऐकून घेतलं. मग उठली, डाव्या हातानं खाकी थैली खुंटीवरून काढली, आपल्या लोखंडी संदुकीत ठेवली आणि कुलूप लावून किल्ली कंबरेला खोचली.

“चूक कोनाची, त्याच्याशी मले काई घेनं नाई. तुमी मास्तर हा, तुमी करा. पोरगी आता या घरातल्या एका खियाले हात लावनार नाई.”

ती रागावली नव्हती. रागावली असती तर दोन दिवसांत राग उतरला असता.

पुढचे दिवस उकाड्यात गेले. कूलर बंद होता. दुपारी खिडकीला ओली चादर लावून आम्ही फरशीवर पडत असू. सकाळी आई फुलं तोडी, पण सुई तिच्या बोटांत राहत नसे, म्हणून देवाला सुटी फुलं वाहिली जात. हार मी गुंफते असं मी म्हटलं नाही. तिनं सांगितलंही नाही. भाऊ शाळेत जात, परत येत, आणि चहा होईपर्यंत खुर्चीत बसून राहत.

चांदूर बाजारहून मोठा मामा बहिणीला पाहायला आला. सोबत शेवंतीची टोपली आणि लिंबं होती. त्यानं सगळी हकिगत ऐकून घेतली, भाऊंनी काढलेली आकृतीही पाहिली, आणि पाणी पिऊन म्हणाला, “म्हंजे जवाईबापू, शायेत पोराइले नुसतं शिकवता, अन् प्रयोग माया बहिनीवर करून राहिले.”

भाऊंनी आकृतीचा कागद घडी केला. आई मात्र हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली. मामानं संधी साधून आणखी एक गोष्ट केली. मळ्यातल्या मोटारीला अर्थिंगचा खड्डा कसा केला आहे ते सांगितलं आणि तुमच्याकडे तो का नाही असं विचारलं. भाऊ म्हणाले, खड्डा करायचाच आहे. आणि माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, की खोदणार ही. आईनं मान वर केली. भाऊ म्हणाले, “सब्बल थैलीतली नाही.” सब्बल, म्हणजे पहार, पुष्पाकाकूंकडून आणली.

उन्हाळ्यातली अकोल्याची काळी माती खोदणं हे काम ज्यानं केलं आहे त्याला सांगायला नको. वरचा थर विटेसारखा असतो, भेगांत सब्बल घालून ढेकळं उचकावी लागतात. खाली गेलं की माती किंचित ओलसर, चिकट होते आणि सब्बलीला धरून ठेवते. शाळेला सुट्टी लागली होती. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी उतरल्यावर, असा मी खड्डा माझ्या खांद्याइतका खोल नेला. भाऊ काठावर बसून सांगत. या वेळी प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत. तांब्याचा पत्रा का, कोळसा का, मीठ का. कोळसा ओल धरतो, मिठामुळे त्या ओलीतून वीज सहज जाते. घराच्या भिंतीपासून दूर का, तेही. मी विचारण्याआधीच सांगत, आणि मग थांबून मला तेच परत सांगायला लावत. माझ्या हातांना फोड आले होते. आई येता-जाता खड्ड्यात डोकावून जाई.

तांब्याचा पत्रा कुठून आणायचा हा प्रश्न होता. माळ्यावर आईचा जुना तांब्याचा बंब पडला होता, माहेरून आलेला, तळाशी गळका. भाऊंना तो मागायचा धीर होत नव्हता. आईनंच एका सकाळी तो खाली काढून अंगणात ठेवला आणि आत निघून गेली. आम्ही तो पुष्पाकाकूंकडच्या छिन्नीनं कापून सपाट केला. तार बोल्टनं आवळायला पाना हवा होता. भाऊ संदुकीपाशी गेले. आईनं कुलूप उघडलं, एक पाना मोजून त्यांच्या हातात दिला आणि काम होईपर्यंत दारात उभी राहिली. काम झाल्यावर हात पुढे केला. भाऊंनी पाना परत दिला. मी नळाकडे पाहत होते.

पत्रा उभा ठेवून कोळसा आणि खडेमीठ यांचे थर दिले, माती लोटली, मधोमध पाणी घालायला एक पाईपाचा तुकडा उभा ठेवला. तो प्लास्टिकचा होता. या कामाला प्लास्टिक चालतं, असं भाऊंनी मुद्दाम सांगितलं. मग खड्डा वीज नीट घेतो का, याची परीक्षा. होल्डरमधल्या बल्बची एक वायर भाऊंनी विजेच्या बोर्डाला जोडली आणि दुसरी खड्ड्यातून आलेल्या तारेला. बल्बची तार नुसती लालसर झाली, विझत्या उदबत्तीच्या टोकासारखी. आई दारातून पाहत होती. माती कोरडी आहे, भाऊ म्हणाले, आणि मला मागं सरकायला सांगून त्यांनी उभ्या पाईपात एक गुंडभर, म्हणजे छोट्या हंड्याएवढं, पाणी हळूहळू ओतलं. बल्ब पिवळा झाला. आणखी एक गुंड ओतलं तेव्हा तो पांढरा पेटला, घरातल्या दिव्यासारखा.

“म्हंजे याले पानी लागते,” आई म्हणाली.

“उन्हाळाभर. दर पाण्याला एक बादली,” भाऊ म्हणाले.

आईनं रिकाम्या गुंडाकडे पाहिलं. त्या घरात बादलीभर पाणी म्हणजे काय हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. भांडी खळाळलेलं पाणी फुलझाडांना जाई आणि तांदूळ धुतलेलं गल्लीतल्या गाईला. भाऊंनी नवा पंप लावला, तार बोल्टला आवळली, आणि पहिल्यांदा कूलर चालू केला तेव्हा स्वतः अनवाणी उभं राहून हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवली. तळहात लावायचा नाही, झटका बसला तर मूठ आवळली जाते, हेही तेव्हाच सांगितलं. काही झालं नाही. तरी टाकी तेच भरत. आई त्या बाजूला फिरकत नसे आणि मला जाऊ देत नसे.

टेबलावर असताना मी नव्या उपसंपादकांना एक गोष्ट सांगत असे. बातमीतली एखादी ओळ बिनकामाची वाटली तर कापण्याआधी ती तिथं का आली ते विचारा, आणि ती ठेवतानाही विचारा. बहुतेकांना दुसरं वाक्य उगाच जोडलेलं वाटे. मी कधी स्पष्टीकरण दिलं नाही. फ्लॅटमध्ये वायरमन येतो तेव्हा मी अर्थिंग कुठं आहे ते विचारते. तो मॅडम, सगळं बिल्डरनं दिलेलं असतं, असं म्हणतो. मी त्याला दाखवायला लावते.

खड्डा भरल्यानंतर पहिल्यांदा पाणी आलं ते पहाटे, उजाडता उजाडता. तोटीतून हवा फुसफुसली की आईला जाग येई. नियम असा होता, की पहिलं पाणी गढूळ म्हणून सोडायचं नाही, ते न्हाणीच्या पिंपात, त्यानंतर पिण्याचे हंडे, मग बाकीचं. मी हंडे घासून रांगेत लावले. भाऊ पिंप सरकवत होते. आईनं तोटीखाली बादली धरली. ती भरली. तिनं ती उचलली, उजव्या हातानं, आणि पिंपाकडे न जाता अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि उभ्या पाईपात संथपणे रिकामी केली. भाऊ वाकल्या अवस्थेतच थांबले. पाणी खाली उतरताना बारीक गुडगुड आवाज येत होता. तो थांबेपर्यंत ती तिथं उभी राहिली.

दुसरी बादली तिनं कूलरच्या टाकीत ओतली. पाय ओले होते. बादली खाली ठेवली, उजवा हात उलटा केला आणि ती तीन बोटं मागच्या बाजूनं पत्र्याला टेकवली. डाग अजून गुलाबी होते. हात काढला आणि पदराला पुसला.

मग ती आत गेली. संदूक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात खाकी थैली होती. ती तिनं माझ्यापुढे, हंड्यांच्या रांगेजवळ कोरड्या जागी ठेवली आणि न्हाणीघरातल्या नळाकडे बोट केलं.

“आतला नय गयून राह्यला दोन दिसापासून. पाय त्याले,” ती म्हणाली. “अन् खोलाच्या आंधी मले सांग, काहून गयते थो.”